फुकटचा वकील

सख्ख्या बहिणीचं घर आपल्यापेक्षा मोठं झालं की आपलं घर आपोआप लहान होतं. भिंती असतात तिथेच असतात, छतही खाली आलेलं नसतं, पण कालपरवापर्यंत ऐसपैस वाटणारी खोली एकदम अंगावर येते. वाचकहो, हा अनुभव तुम्हालाही कधीतरी आला असेल. आला नसेल तर तुम्ही मोठ्या मनाचे आहात किंवा एकुलते एक तरी आहात.

पडदेताईंना तो आला तेव्हा त्या धाकट्या बहिणीच्या नव्या घरात स्टुलावर उभ्या होत्या आणि हातात मोजपट्टी होती. ताई पडदे शिवायच्या, म्हणून सगळी वस्ती त्यांना पडदेताई म्हणायची. त्यांच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत कापड कापायचं लांबलचक टेबल होतं, दोन मशीन होती आणि दिवसभर ऊन घेणारी एक खिडकी होती. त्या खोलीवरच त्यांचं घर चालत आलं होतं. कामाचा त्यांचा एकच हट्ट होता. खिडकीचं माप त्या स्वतः घेत. दुसऱ्यानं दिलेल्या मापावर त्यांनी कधी कात्री चालवली नव्हती.

पण त्या दिवशी त्यांचं मापात लक्ष नव्हतं. हॉलची खिडकी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होती. बाहेर मोकळं आकाश, लांबवर टेकडी, खाली पत्र्यांनी वेढलेली रिकामी जागा. अशी खिडकी आपल्या नशिबी का नाही, या विचारानं ताईंनी तीच बाजू दोनदा मोजली.

"इथे जाड कापड लाव हं ताई," धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली. "गडद रंगाचं. आतून अस्तर पण लाव."

"एवढा देखावा समोर, आणि तू जाड पडदे लावणार? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ऊन फार येतं गं."

ऊन त्या बाजूनं येतच नव्हतं. इतकी वर्षं खिडक्या बघण्यात घालवलेल्या ताईंना ते कळायला वेळ लागला नाही. ज्याच्याकडे भरपूर असतं त्याला त्याची किंमत नसते, एवढंच त्या मनात म्हणाल्या. लहानपणापासून हेच चालत आलं होतं. दोघींच्या खोलीत खिडकीजवळची खाट धाकटीला मिळाली, कारण तिला अंधाराची भीती वाटायची. ताई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. आता एवढ्या वर्षांनीही खिडकी तिलाच मिळाली होती. अंधाराला भिणारी बाई जाड पडदे कशाला मागते, हा साधा प्रश्न खरं तर त्यांना पडायला हवा होता. पण पोटात दुखायला लागलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

"खाली त्या पत्र्यांच्या आत काय होणार आहे?" ताईंनी विचारलं.

"बाग म्हणे," धाकटी खिडकीकडे न बघताच बोलली आणि तिनं विषय बदलला. "आणि ताई, आम्हाला कसलाच त्रास झाला नाही बघ. जुनं घर बिल्डरनंच घेतलं आणि त्या बदल्यात हे दिलं, वरचा फरक तेवढा आम्ही भरला. गिऱ्हाईक शोधायची भानगड नाही, दलाल नाही. वकीलसुद्धा त्यांनीच दिला. त्याला एक पैसा द्यावा लागला नाही. लोक उगाच वकिलांचे खिसे भरतात."

धाकटीनं कॉफी आणून दिली, पण तिची चव ताईंना कळली नाही. घर मिळालं ते मिळालं, वर वकील फुकट. या दुसऱ्या गोष्टीनं त्यांचा जास्त तिळपापड झाला.

घरी आल्यावर त्यांना आपला जिना अरुंद दिसला, नळ गळताना दिसला, भिंतीचा पोपडा दिसला. सगळं आधीपासून तसंच होतं. ताईंचे यजमान रुग्णालयात एक्स-रे काढायचे. माणसांच्या आतलं बघायची त्यांना दिवसभराची सवय, त्यामुळे बायकोच्या आत काय चाललंय हे ओळखायला त्यांना यंत्र लागलं नाही.

"धाकटीकडे जाऊन आलीस वाटतं," ते म्हणाले.

"आपणही हे घर देऊन टाकू आणि तिथेच नवं घेऊ. त्याच बिल्डरकडून."

"घेऊ की. मी कुठे नाही म्हणतोय. पण आधी आपला एखादा वकील बघू."

"कशाला? तिला फुकट मिळाला, मग आपणच का पैसे मोजायचे? मी काय तिच्यापेक्षा वेडी आहे?"

"वेडी नाहीस. जळते आहेस." त्यांनी हे शांतपणे, जेवता जेवता सांगितलं. "सही दोघांची लागेल. तू म्हणशील तर मी करीन. पण ज्या घरात राहायचं ते हवंय म्हणून घे. बहिणीकडे आहे म्हणून घेऊ नकोस."

"तुमच्या जिभेला काही हाड?"

"आमच्या फोटोत तरी कुणाच्या दिसलं नाही," ते म्हणाले आणि ताट उचलून आत गेले.

दोन दिवसांनी ताई एकट्याच बिल्डरच्या कार्यालयात गेल्या. काचेचं दार, गार हवा, मध्यभागी टेबलावर छोट्या छोट्या इमारती मांडून ठेवलेल्या, त्यांच्यात बोटाएवढी झाडं. टाय लावलेल्या एका तरतरीत माणसानं त्यांना खुर्ची दिली आणि हातातल्या काडीनं एक इमारत दाखवली. ही धाकटीची. मग तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेवर काडी टेकवली. तिथेही एक इमारत उभी होती, पांढरी, अजून रंग न दिलेली.

"ही आमची नवी. पायाचं काम लवकरच सुरू होतंय. हिच्यातली घरं जास्त मोठी आहेत, आणि टेकडीचा सगळा देखावा हिलाच मिळणार."

ताई वाकल्या. त्यांनी डोळ्यांनीच अंतर मोजलं. पांढरी इमारत धाकटीच्या हॉलसमोर अगदी नाकाशी उभी राहत होती. बागबिग काही नव्हतं. ही इमारत झाली की धाकटीच्या त्या लांबरुंद खिडकीतून टेकडी दिसणार नव्हती, आकाशही दिसणार नव्हतं. दिसणार होती फक्त एक भिंत.

आणि ताईंना आनंद झाला. खोटं कशाला बोला, मनातल्या मनात मांडे खावेत तसा गोड, गरगरीत आनंद झाला. सख्ख्या बहिणीचा उजेड जाणार होता आणि तो आपल्याकडे येणार होता. "हिच्यातलं द्या," त्या म्हणाल्या. "तिच्या बरोब्बर समोरचं."

पलीकडच्या खोलीत तो फुकटचा वकील बसला होता. गोड बोलणारा, हसतमुख माणूस. "तुमच्या भगिनींचं कामही मीच केलं," तो म्हणाला. "तुम्ही काही काळजी करू नका. सोमवारी या, सह्या करा, मोकळे व्हा."

ताईंना राहवलं नाही. "समोर इमारत होणार आहे हे तिला माहीत होतं का हो?"

"कागदात आहे ना सगळं," वकील हसला. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. आपण होऊन कशाला कुणाचा विरस करायचा?"

ताईसुद्धा हसल्या. त्या क्षणी त्यांना तो वकील फार आवडला. बाहेर पडून त्यांनी धाकटीला फोन लावला, आम्हीही तिथेच घर घेतोय, सोमवारी सह्या आहेत, वकीलही तुझाच, असं ठसक्यात सांगितलं. कुठल्या इमारतीत ते मात्र सांगितलं नाही. पलीकडे धाकटीनं "सोमवारीच?" असं विचारलं. मग "बरं झालं" एवढंच म्हणाली. तिला आपलं सुख बघवत नाही, असा अर्थ ताईंनी काढला आणि त्या आणखी खूश झाल्या.

शनिवारी ताईंचं काम वकीलआजींकडे होतं. आजींनी उभा जन्म वकिली केली होती आणि आता गुडघ्यांमुळे घरीच असायच्या. कान तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण. त्यांच्या घराला नव्या खिडक्या बसल्या होत्या आणि पडदे हवे होते.

"माप घ्यायला वर चढू नकोस," आजी म्हणाल्या. "खिडक्या बसवणाऱ्यानं सगळी मापं लिहून दिली आहेत. ती घे."

"नको आजी. त्यांच्या मापावर मी पडदा कापत नाही."

"का गं? खिडकी त्यानंच बसवली. त्याच्याइतकं माहीत कुणाला असणार?"

"म्हणूनच नको. त्याची खिडकी कुठे तिरकी बसली असेल तर तो मला सांगेल का? त्याला त्याचं काम बरोबर दाखवायचं असतं. पडदा माझा, तर माप माझं." असं म्हणत ताई स्टुलावर चढल्यासुद्धा. हात चालू होते आणि तोंडही चालू होतं. नव्या घराची, अदलाबदलीची, फुकटच्या वकिलाची सगळी गोष्ट त्यांनी आजींना ऐकवली. समोरच्या इमारतीची गंमत तर अगदी रंगवून सांगितली. एवढ्या दिवसांत ती कुणाला तरी सांगायलाच हवी होती.

आजी हसल्या नाहीत. "म्हणजे तुझ्या बहिणीला तिच्या वकिलानं हे सांगितलंच नाही?"

"नाही ना. तिनं विचारलं नाही म्हणे."

"आणि तुझा वकील कोण?"

"तोच की."

ताईंचा हात थांबला. मोजपट्टीचं टोक सुटलं आणि ती खळकन आत गेली.

"खाली उतर," आजी म्हणाल्या. "बस इथे. आता मला सांग, त्याचे पैसे कोण देतं?"

"बिल्डर."

"पुढच्या महिन्यातही त्याला काम कोण देणार आहे? तू?"

ताई मोजपट्टीचं टोक ओढू आणि सोडू लागल्या.

"तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो लबाड असेलच असंही नाही. पण ज्याच्या घरचं खातो, त्याच्या घरातली तिरकी खिडकी तो तुला दाखवणार नाही. खिडकीवाल्याचं माप तू घेत नाहीस. एवढ्याशा पडद्यासाठी घेत नाहीस. मग अख्खं घर त्याच्या मापावर कशी कापायला निघालीस?"

"पण आजी, फुकट मिळत होता..."

"फुकट कसला? तुझ्या जुन्या घराची किंमत कुणी ठरवली? त्यांनीच ना? मग वकिलाचे पैसे त्यांनी त्यातून आधीच काढून घेतले नसतील कशावरून? पैसे मोजतेस तूच, पण ऐकतो तो त्यांचं. त्यापेक्षा उघड मोज आणि आपलं ऐकणारा माणूस घे. बिल्डर खर्च देतो म्हणाला तर जरूर घ्यावा. फक्त म्हणावं, वकील मी निवडणार. त्याला हे कबूल नसेल तर का नाही, हा विचार आपण करायचा."

"मग तुम्हीच सांगा ना एखादं नाव."

"मी नाही सांगणार. नाहीतर मीही त्यांच्यासारखीच झाले. तुझ्या यजमानांना विचार, ओळखीत चौकशी कर, दोघांतिघांशी बोल. आणि सोमवारी सही करू नकोस. घाई त्यांना आहे, तुला नाही." आजी क्षणभर थांबल्या. "अजून एक सांगते. बहिणीचं नुकसान दिसलं तेव्हा तुला सगळं स्पष्ट दिसलं. स्वतःचं का नाही दिसलं, याचा विचार घरी जाऊन कर."

आजींकडून निघताना ताईंच्या मनात एकच घोळत होतं. माझ्या बहिणीला ज्यानं अंधारात ठेवलं, त्याच्याच हातात मी माझं घर हसत हसत देत होते! त्यांना आपल्या त्या हसण्याचीच लाज वाटली. वाटेत एका दुकानाच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला, तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

यजमानांनी "मी म्हणालो नव्हतो का" असं एकदाही म्हटलं नाही. त्यांच्या रुग्णालयातल्या एका परिचारिकेनं घर बदलताना जे वकील केले होते, त्यांच्याकडे दोघं रविवारीच गेले. स्टेशनरीच्या दुकानावर माडी, माडीवर एक टेबल, कोपऱ्यात फुलं नसलेली फुलदाणी. इथे गार हवा नव्हती आणि वकील हसतमुखही नव्हते. फी देताना ताईंचा जीव तुटला, पण त्यांनी ती स्वतःच्या पर्समधून काढली.

त्या वकिलांनी बिल्डरनं ताईंना दिलेले कागद समोर घेतले, सावकाश वाचले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आपण घरी काही काम करता का?"

"पडदे शिवते. घरातच."

"नव्या इमारतीत घरात कसलाही व्यवसाय करता येणार नाही. मशीन चालवून गिऱ्हाइकाचं काम केलंत तर ती अट मोडल्यासारखं होईल. हे कुणी सांगितलं होतं?"

ताईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान टेबलाकडे बघत होते.

"दुसरं असं, की जुनं घर ठरलेल्या तारखेला रिकामं करून द्यायचं आहे. नवं मात्र तयार होईल तेव्हा. तारीख लिहिलेलीच नाही. मधल्या काळात तुम्ही कुठे राहणार? मशीन कुठे ठेवणार?"

मागची खोली ताईंच्या डोळ्यांसमोर आली. टेबल, दोन मशीन, उन्हाचा पट्टा. दुसऱ्याची खिडकी बंद करायच्या नादात त्या आपलं पोट भरणारी खोली देऊन मोकळ्या होणार होत्या. त्यांना तिथेच रडू फुटलं. वकिलांनी बहुधा अशी रडणारी माणसं पुष्कळ पाहिली असावीत. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि ते पुढचं पान वाचू लागले.

सोमवारी सह्या झाल्या नाहीत. त्याऐवजी ताई धाकटीकडे गेल्या. पडद्यांचं गडद कापड पिशवीत तसंच होतं, अजून कात्री लागलेली नव्हती. दार उघडल्यावर धाकटीनं आधी पिशवीकडे पाहिलं, मग बहिणीच्या चेहऱ्याकडे.

"सही केलीस?" तिनं विचारलं.

"नाही."

धाकटीनं तोंड ओंजळीत लपवलं. "सुटलीस," ती म्हणाली. "ताई, तिथे बाग नाही होणार गं."

"माहीत आहे मला. तिथे होणाऱ्या इमारतीतच घर घेणार होते मी. तुझ्या बरोब्बर समोर. तुझा उजेड जाणार हे कळलं तेव्हा मला आनंद झाला होता." ताईंनी एका दमात सांगून टाकलं. थांबल्या असत्या तर सांगता आलं नसतं. "वाटेल ते बोल मला. मी ऐकून घेईन."

धाकटीनं मान वर केली. तिला राग आला नव्हता. "मी काय बोलणार? तुझ्या मागच्या खोलीतलं ऊन बघून मला काय काय व्हायचं ते तुला ठाऊक नाही. ताईपेक्षा मोठी खिडकी हवी, एवढ्यासाठी मी हे घर घेतलं. राहायला आल्यावर लिफ्टमध्ये एका शेजाऱ्याकडून कळलं, समोर काय होणार ते. मग ते जाड पडदे... रोज थोडं थोडं आकाश जाताना बघवलं नसतं मला. त्यापेक्षा आपणच बंद केलेलं बरं."

"आणि मी सही करणार हे सांगितलं तेव्हा का गप्प बसलीस?"

धाकटीनं पिशवीतल्या कापडाचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "तूही फसलीस तर मी एकटी मूर्ख ठरणार नाही, असं वाटलं," ती शेवटी म्हणाली. "नंतर दोनदा फोन हातात घेतला. दोनदा ठेवला."

 धाकटीनं ताईंना खड्ड्याकडे जाताना नुसतं पाहिलं होतं आणि धाकटी खड्ड्यात पडलेली बघून ताईंना आनंद झाला होता. खड्डा तिसऱ्यानंच खणला होता, आणि तो मात्र गार हवेत बसून पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्ची देत होता. ताईंना हे उमगलं तेव्हा त्यांनी पिशवी बाजूला सारली आणि धाकटीला जवळ घेतलं. लहानपणी दिवे गेले की घ्यायच्या तसंच.

पुढे ताईंच्या वकिलांनी बिल्डरला पत्र पाठवलं. तारीख लिहून द्यायला तो तयार झाला, पण घरात काम करू द्यायला नाही. ताईंनी व्यवहार सोडून दिला. वकिलाची फी गेली, पण खोली राहिली. त्या फीबद्दल त्यांनी नंतर कधी कुरकुर केली नाही. धाकटीनं आणि तिच्या शेजाऱ्यांनी मिळून आपला वेगळा वकील केला. उभी राहणारी भिंत काही हटणार नव्हती, पण निदान पुढच्या प्रत्येक कागदावर काय लिहिलंय, हे आता त्यांना सही करण्याआधी कळू लागलं.

गडद कापड ताईंनी दुकानदाराला परत केलं. धाकटीच्या खिडकीला त्यांनी अगदी तलम, पांढरे पडदे शिवले. जेवढा उजेड शिल्लक आहे तेवढा तरी आत यावा म्हणून.

वाचकहो, घर बदलणं वाईट नाही. जुनं देऊन नवं घेणंही वाईट नाही. पण त्या व्यवहारात आपल्या बाजूनं बसणारा माणूस आपण निवडलेला असावा आणि पुढचं काम मिळण्यासाठी तो समोरच्यावर अवलंबून नसावा. वकिलावरचा खर्च वाचवला असं ज्याला वाटतं, त्यानं तो खर्च पुढे ढकललेला असतो इतकंच. आणि त्याहीआधी एक गोष्ट पाहावी. आपल्याला घर हवंय की कुणाच्या तरी नाकावर टिच्चून राहायचंय? दुसऱ्याच्या खिडकीचं माप घेऊन आपल्या घराचा पडदा कधी नीट बसत नाही, हे पडदेताईंना पडदे शिवता शिवता कळायला हवं होतं. कळलं, पण जरा उशिरा.

आता समोरची भिंत धाकटीच्या खिडकीच्या वर गेली आहे. दुपारी ती ताईंकडे येते. मागच्या खोलीत खिडकीशी एक आरामखुर्ची ठेवलेली असते, तिच्यात बसून ती पडद्यांच्या कडा टाचते. ताईंनी आपलं मशीन थोडं सरकवून घेतलं आहे. त्या भिंतीकडे तोंड करून शिवतात, आणि उजेड त्यांना तिथेही पुरतो.